प्रधान मेला आहे, त्याला मेलेलाच राहू द्या

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साठ सदस्यांच्या मध्ययुगीन रोलप्ले सर्व्हरसाठी, म्हणजे जिथे प्रत्येक जण एक पात्र घेऊन ते ऑनलाइन जगतो त्या खेळासाठी, तुम्ही बारा आठवड्यांचे कथानक लिहून ठेवले होते. नवव्या आठवड्यात राजाशी दगाफटका करणार असलेल्या प्रधानाला खेळाडूंनी तिसऱ्याच आठवड्यात नदीच्या उतारावर गाठून मारले. आता काही तरी निमित्त काढून त्याला परत आणावे, की लिहिलेले सगळे गुंडाळून खेळ पूर्णपणे खेळाडूंच्या हाती द्यावा, यावरून तुमच्या अ‍ॅडमिन मंडळींत दोन तट पडले आहेत. हे दोन्ही प्रकार करून हात पोळून घेतलेला माणूस म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रधानाला जिवंत करू नका, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्याचा अर्थ तुमची वही फेकून द्या असा नाही.

या पेचाचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण जुने आहे. 'अ‍ॅशरॉन्स कॉल' हा खेळ नोव्हेंबर 1999 मध्ये आला, आणि टर्बाइन ही कंपनी त्यात दर महिन्याला कथेचा नवा भाग घालत असे. पहिल्या मोठ्या कथानकात बेल्झारॉन नावाचा महादैत्य स्फटिकांच्या बळावर कैदेत होता. खेळाडूंनी ते स्फटिक एकेक करून फोडावेत, दैत्य सुटावा आणि मग पुढची कथा सुरू व्हावी, अशी लेखकांची योजना होती. इतर सर्व्हरांवर, म्हणजे त्याच जगाच्या इतर प्रतींवर, गाडी त्याच रुळावरून गेली. थिसलडाउन या सर्व्हरवर मात्र काही खेळाडूंनी सरळ विचार केला, की ज्याला सोडल्यावर जग उद्ध्वस्त होणार त्याला सोडायचे तरी कशाला? त्यांनी शेवटच्या स्फटिकाभोवती रात्रंदिवस पाळ्या लावून पहारा ठेवला. खेळाडूंना मारले की स्फटिकाची ताकद वाढते हे लक्षात आल्यावर मुद्दाम त्याच्या हातून मरून त्याला बळकट केले. अखेर कंपनीच्या माणसांना स्वतः बलाढ्य पात्रे घेऊन खेळात उतरावे लागले, पहारा मोडावा लागला, आणि तेव्हा कुठे दैत्य सुटला. पुढे त्या रक्षकांचे स्मारक त्याच सर्व्हरवर उभारले गेले.

हा किस्सा बहुतेक वेळा 'खेळाडू विरुद्ध लेखक' असा रंगवून सांगितला जातो, आणि ते मला अर्धवट वाटते. स्फटिक लेखकांनीच ठेवला होता, दैत्याची भीती त्यांनीच घातली होती, आणि तो पहारा त्या भीतीतूनच जन्मला होता. लेखकांचे चुकले ते एवढेच, की त्यांनी प्रसंगाबरोबर त्याचा निकालही लिहून ठेवला आणि दुसऱ्या निकालाला जागाच ठेवली नाही. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये असेच घडले. तिथला केराफिर्म हा झोपलेला ड्रॅगन मरण्यासाठी बनवलेलाच नव्हता. नोव्हेंबर 2003 मध्ये रॅलोस झेक सर्व्हरवरच्या दीडशेहून अधिक खेळाडूंनी तीन तासांहून जास्त वेळ झुंजून त्याचे बळ जवळजवळ चतुर्थांशावर आणले, तेव्हा तो अचानक अदृश्य झाला. आरडाओरडा झाला, खेळाडूंना दुसरी संधी मिळाली आणि दोन दिवसांनी त्यांनी त्याला मारले. त्याच्या अंगावर लूट म्हणून काहीही निघाले नाही, कारण कोणी तिथवर पोहोचेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

तुमच्या दुसऱ्या तटाचे लोक 'ईव्ह ऑनलाइन'चे नाव घेत असणार, आणि ते योग्यच आहे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा खेळ 2003 पासून चालू आहे. त्यातली बी-आर5आरबी या तारामंडलातली लढाई 27 जानेवारी 2014 रोजी सुरू झाली ती एका न भरलेल्या बिलामुळे. ज्या आघाडीकडे तो प्रदेश होता तिचा ताबाशुल्काचा हप्ता चुकला, ताबा सुटला, आणि शत्रूने ती संधी साधली. पुढे सुमारे 21 तास लढाई चालली; साडेसात हजारांहून अधिक पात्रे तिच्यात उतरली आणि 75 टायटन नष्ट झाली. टायटन म्हणजे त्या विश्वातले सर्वांत मोठे जहाज. ते बांधायला अनेक माणसांची अनेक महिन्यांची मेहनत लागते आणि एकदा गेले की ते परत मिळत नाही. खऱ्या पैशांत हे नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. यातले एक अक्षरही सीसीपीने आधी लिहून ठेवले नव्हते. कंपनीने लिहिला होता तो फक्त हिशेब: ताब्याला हप्ता, जहाजाला किंमत आणि नाशाला परतफेड नाही. नंतर जहाजांचे भग्न अवशेष स्मारक म्हणून तिथेच ठेवले गेले.

मात्र 'ईव्ह'चे दाखले देणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. आपल्या कानावर येतात त्या निवडक लढाया, विश्वासघात आणि चोऱ्या. त्यांच्या मधली वर्षे लोकांनी लघुग्रहांवर खाणकाम करण्यात आणि मालाची ने-आण करण्यात काढलेली असतात. इतकेच काय, त्या ऐतिहासिक लढाईतही सर्व्हर तग धरून राहावा म्हणून खेळाचा काळ एक दशांश वेगाने चालत होता, म्हणजे खेळातल्या एका सेकंदाला घड्याळाचे दहा सेकंद. दुसऱ्या दिवशी वाचायला ती जितकी थरारक होती, तितकी त्या रात्री बटण दाबून वाट पाहणाऱ्याला खचितच नव्हती. तुमच्या साठ जणांत इतका रिकामा वेळ सोसणारे किती आहेत, हे आधी मोजा.

शिवाय अशा मोकळ्या कथेची किंमत कोण भरतो, हाही प्रश्न आहे. 'अल्टिमा ऑनलाइन' 1997 मध्ये सुरू झाला तेव्हा शहराबाहेर कोणीही कोणालाही मारून लुटू शकत असे. दरोडेखोरांच्या टोळ्या आणि त्यांचा पाठलाग करणारी पथके यांच्या कथा आजही चवीने सांगितल्या जातात, पण त्या सांगणारे बहुधा दरोडेखोर असतात किंवा पाठलाग करणारे. पहिल्याच संध्याकाळी लाकडे तोडताना मारला गेलेला नवखा माणूस कथा सांगायला उरलाच नाही. तो खेळ सोडून गेला. शेवटी 2000 मध्ये कंपनीने त्याच जगाची दुसरी प्रत काढली आणि तिच्यात संमतीशिवाय मारामारी बंद केली. बहुसंख्य खेळाडू तिकडे राहायला गेले. यावरून आजही वाद घालणारे लोक आहेत, पण मला तो निर्णय अपरिहार्य वाटतो.

लिहिलेल्या कथानकाची बाजूही मी कमी लेखत नाही. डिसेंबर 2011 मध्ये आलेल्या 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक'ने आठ वर्गांना आठ स्वतंत्र कथा दिल्या आणि त्यातले सगळे संवाद आवाजात ध्वनिमुद्रित केले. दिवसभराचे काम आटोपून रात्री तासभर एकट्याने बसणाऱ्याला त्यात जे समाधान मिळते, ते कोणतीही गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा संघ, देऊ शकणार नाही. अडचण एवढीच, की विश्व वाचवणारा तो एकमेव वीर चौकात येतो तेव्हा तिथे तसेच आणखी दोनशे एकमेव वीर उभे असतात. जे कोणीच टाळू शकणार नाही, त्यासाठी मात्र संहितेला पर्याय नाही. 'फायनल फँटसी 14'ची 2010 मधली पहिली आवृत्ती फसली. ती बंद करायची ठरल्यावर कंपनीने ते दुःख कथेतच ओतले: आकाशातला दालामुद हा चंद्र दिवसेंदिवस मोठा दिसू लागला आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी जगाचा अंत दाखवून सर्व्हर बंद झाले. खेळाडू शेवटच्या घटकेपर्यंत लढत होते आणि निकाल बदलणार नव्हता, पण आपल्याला फसवले असे फारसे कोणाला वाटले नाही, कारण जे ठरलेले होते ते डोक्यावर लटकताना सगळ्यांना दिसत होते.

आता माझ्या चुका. लॉकडाउनच्या काळात 'जीटीए 5'च्या एका रोलप्ले सर्व्हरवर आम्ही चौघे कथानक सांभाळत होतो. बंदरावरचा एक तस्कर 'शेठ' आम्ही सहा आठवड्यांसाठी लिहिला होता. दुसऱ्याच आठवड्यात एका टेम्पोचालकाने धक्क्यावर त्याला गाठले आणि चार गोळ्या घातल्या. आम्ही शेठला गुपचूप अमरत्व देऊन ठेवले होते; तो कोट झटकत उठला आणि आपले ठरलेले वाक्य म्हणू लागला. व्हॉइसवर काही क्षण कोणी बोलेना. मग तो टेम्पोचालक आपल्या पात्राच्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, "शेठ, तुम्ही मरणारच नसाल तर आम्ही कशाला आलो?" सगळे हसले. पुढच्या रविवारी निम्मी मंडळी आली नाहीत.

त्या धक्क्याने आम्ही दुसरे टोक गाठले आणि कथानक पूर्ण बंद केले. तीन आठवडे बहार आली. त्यानंतर रोज पहाटे तीनपर्यंत जागू शकणाऱ्या सहा जणांनी शहरातले सगळे धंदे ताब्यात घेतले, आणि उरलेल्यांना त्यांच्या कथेत भाडेकरूसारखे राहावे लागले. पोलीस झालेली दोन मुले चौकीत बसून एकमेकांना विनोद सांगत.

शेवटी जे चालले ते जवळजवळ अपघाताने. एका रात्री आम्ही एकच नियम बदलला: गाडी दुरुस्तीच्या सामानाचा पुरवठा आठवड्याला ठरावीक आणि मेकॅनिकचा परवाना फक्त दोघांना. दहा दिवसांत एका गॅरेजवाल्याने दर तिप्पट केला. टॅक्सीवाल्यांनी संघटना काढली आणि एका संध्याकाळी गॅरेजसमोर पंचवीस गाड्या आडव्या लावून हॉर्नचा असा काही गोंगाट केला की मला हेडफोन काढून ठेवावे लागले. चौकीतल्या त्या दोन पोलिसांना पहिल्यांदा खरे काम मिळाले. 'आबा' नावाच्या म्हाताऱ्या पात्राने दोन्ही बाजूंना चहाच्या टपरीवर बसवून तह घडवला, आणि पुढे तोच आबा महापौरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. आम्ही लिहिली होती ती एक ओळ.

माझ्या आजोळी, कोकणात, जत्रेतल्या दशावतारात लेखी संहिता नसते. रात्री कोणते आख्यान करायचे ते ठरते, आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. मी बरीच वर्षे रोलप्लेला याच मापाने मोजत होतो आणि तिथेच फसलो. दशावतारात राक्षस मरणार हे नटाला मान्य असते, कारण ते पुराणातच तसे आहे. तुमच्या प्रधानाचे भवितव्य मात्र खेळाडूंना कोणी सांगितलेले नव्हते आणि त्यांनी ते मान्यही केलेले नव्हते.

म्हणून तुमच्या वहीकडे वेगळ्या नजरेने पाहा. नवव्या आठवड्यात प्रधान दगा देणार होता, तो कोणासाठी? शेजारच्या राजासाठी असेल, सावकारासाठी असेल; दगा विकणारा मेला, तरी विकत घेणारा जिवंत आहे आणि त्याचा आगाऊ दिलेला पैसा बुडाला आहे. तो आता दुसरा माणूस शोधेल. त्याने तेच आमिष वेगवेगळ्या गटांतल्या तीन खेळाडूंना गुपचूप दाखवावे. कोणी ते स्वीकारेल, कोणी राजाला जाऊन सांगेल, कोणी दोन्हीकडून पैसे घेईल. कदाचित दगा होणारही नाही. तेवढी तयारी ठेवा. त्याऐवजी नववा आठवडा एखाद्या टळू न शकणाऱ्या गोष्टीला बांधा, उदाहरणार्थ खंडणीची मुदत किंवा नदीचा पूर, आणि कोठारात किती धान्य उरले आहे त्याचा आकडा बाजारात सगळ्यांना दिसेल असा रोज लावा. निकालाच्या दोन-तीन वाटा आखून ठेवा. 2024 मधल्या 'हेलडायव्हर्स 2'ने हे छान केले. जून महिन्यात खेळाडूंपुढे निवड ठेवली होती: एका ग्रहावरच्या बालरुग्णालयातली माणसे वाचवायची, की दुसरा ग्रह जिंकून रणगाडाविरोधी सुरुंग मिळवायचे. त्यांनी मुले निवडली आणि सुरुंग पुन्हा हुकले. दोन्ही वाटा तयार होत्या, म्हणून कोणालाही अदृश्य व्हावे लागले नाही.

ज्यांना आठवड्याला एखादाच तास मिळतो, त्यांच्यासाठी लहान, लिहिलेल्या कामगिऱ्या ठेवाच. पत्र पोहोचवणे, हरवलेली गाय शोधून आणणे, अशी एका बैठकीत संपणारी कामे पुरेत. फक्त ते पत्र मोठ्या भानगडीतल्या कोणाचे तरी असावे. आणि एका हौशी खेळाडूला बखरकार नेमा. दर आठवड्याला काय घडले ते त्याने पात्राच्या तोंडून लिहावे, इतरांनी त्यावर भांडावे. रात्री तीनच्या लढाईला जो नव्हता त्यालाही त्यामुळे आपण याच राज्यात राहतो असे वाटते, आणि पुढच्या भांडणाला आयते कारण मिळते.

एक गोष्ट तुमच्या लिखाणात सापडली नाही: नदीच्या उतारावर प्रधानाच्या अंगावर खेळाडूंना काय मिळाले? काहीच ठेवले नसेल, तर शनिवारच्या सत्राआधी त्याच्या वाड्यावर एक कुलूपबंद पेटी ठेवा, तिची किल्ली त्याच्या विधवेकडे द्या, आणि विधवेची भूमिका एखाद्या अ‍ॅडमिनने न घेता खेळाडूलाच द्या. पेटीत काय आहे एवढेच तिला सांगा. ती कोणाला उघडू द्यायची, ते तिचे तिला ठरवू द्या.