आजचा जॅझ शोधताना आधी ड्रमरचं नाव वाचा

प्रश्न : माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन, ब्रुबेक भरपूर ऐकून झाले. आज वाजवणारे, जरा धाडसी कलाकार शोधायला गेलं की ॲप एक तर पुन्हा १९५९ सालात नेऊन सोडतं, नाही तर हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं काहीतरी लावतं. शिरावं कुठून? (पुणे)

ॲपची शिफारस ‘हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं’ या हिशेबावर चालते. छोट्या कंपन्यांच्या अल्बमना मुळात श्रोते कमी, त्यामुळे ते वर येतच नाहीत. म्हणून मुखपृष्ठावरचं मोठं नाव बाजूला ठेवा आणि साथीदारांची नावं वाचा. जॅझमध्ये आज दुसऱ्याच्या साथीला असलेला उद्या स्वतःच्या नावाने अल्बम काढतो. शिवाय साथीला कोणाला घ्यायचं हे एका जाणत्या वादकाने ठरवलेलं असतं. त्याहून भरवशाची शिफारस कोणती?

ओळखीच्या माणसापासून निघू. झाकीर हुसेन तबल्यावर असलेला चार्ल्स लॉइड यांचा ‘संगम’ (ईसीएम कंपनी, २००६) घ्या. त्यात सॅक्सोफोनवर स्वतः लॉइड आणि ड्रम्सवर एरिक हार्लंड. हार्लंडचा माग काढलात की बासवादक डेव्ह हॉलंड यांच्या ‘प्रिझम’वर (२०१३) पोचता. तिथे पियानोवर क्रेग टेबॉर्न भेटतो. त्याच्या मागे गेलात तर चौघांचा ‘डेलाइट घोस्ट्स’ (२०१७) आणि विजय अय्यरसोबत दोन पियानोंची बुडापेस्टमधली मैफल, ‘द ट्रान्झिटरी पोएम्स’ (२०१९). तिथून अय्यरचा ‘अनईझी’ (२०२१) : बासवर लिंडा मे हान ओह, ड्रम्सवर टायशॉन सोरी. या सोरीला २०२४ चं संगीताचं पुलित्झर मिळालं. तबल्यापासून इथवर यायला चारच उड्या लागल्या.

टेबॉर्नचा ‘अव्हेंजिंग एंजल’ (२०११) मात्र पहिल्याच दिवशी लावू नका. तो एकट्या पियानोचा आहे. धरायला बास नाही, ड्रम्स नाहीत. नवखा कान तिथे हरवतो आणि दोष जॅझला देतो.

ॲपवर साथीदारांची नावं अनेकदा अर्धवट असतात. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर अल्बमचं पान उघडून ‘क्रेडिट्स’ पाहा, ड्रमर आणि बासवादक यांच्या नावांवर टिचकी मारा आणि येणारी यादी वर्षानुसार लावा. हीच दोन नावं का? चांगला ड्रमर किंवा बासवादक एकाच वेळी चार-पाच संचांत वाजवत असतो, त्यामुळे सर्वांत जास्त फांद्या त्याच्यापासून फुटतात. एका नावाचे तीन अल्बम ऐका. तिन्ही नाही भावले तर खुशाल दुसरी फांदी धरा. कंपनीच्या नावानेही शोधता येतं : म्युनिकची ईसीएम, न्यूयॉर्कची पाय रेकॉर्डिंग्ज, झुरिचची इंटाक्ट, पियानोवादक क्रिस डेव्हिस हिची पायरोक्लास्टिक.

प्रश्न : हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या माझ्या कानाला या नव्या जॅझमध्ये सम सापडत नाही. ती असते तरी का? (डोंबिवली)

बहुतेक वेळा असते, पण ड्रमर ती वाजवून दाखवत नाही. जुन्या जॅझमध्ये ३२ मात्रांचं नव्हे, ३२ बारचं आवर्तन नेहमीचं. बारला चार मात्रा, म्हणजे एकूण १२८. मुखडा संपला तरी तेच आवर्तन आतल्या आत फिरत राहतं. नव्यांमध्ये आवर्तन कधी ११ मात्रांचं, कधी त्याहून वाकडं.

युक्ती अशी : झांजांकडे लक्ष देऊ नका, ड्रमर तिथेच चकवतो. बासवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा पकडा. तो सुरू झाला की एक टाळी, पुन्हा सुरू झाला की दुसरी. मधल्या मात्रा मोजा. तीन वेळा आकडा सारखा आला की ठेका हाती आला. ओळखीच्या चालीवर हे सोपं जातं : अय्यरच्या ‘ॲक्सेलरांडो’मध्ये (२०१२) मायकल जॅक्सनचं ‘ह्यूमन नेचर’ आहे.

आणि फोनच्या स्पीकरवर तर मुळीच ऐकू नका. बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. तेवढा खर्ज त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही, मग सम सापडणार कशी? साधे वायरचे इअरफोनसुद्धा चालतील.

तुमच्यासाठी एक खास नाव : डॅन वाइस. न्यूयॉर्कचा हा ड्रमर समीर चॅटर्जींकडे तबला शिकला. ‘तीनताल ड्रमसेट सोलो’ (२००५) या अल्बममध्ये त्याने तबल्याचं एकल वादन ड्रमसेटवर मांडलं आहे. सोळा मात्रा तुमच्या बोटांवर आहेतच. आधी हा ऐका, मग त्याच ड्रमरला जॅझच्या संचात ऐका.

प्रश्न : मेरी हॅल्व्होर्सनची गिटार मध्येच घसरल्यासारखी, बेसूर होते. फाइल खराब आहे का? (मडगाव)

फाइल ठीक आहे. ती डिले पेडल (वाजलेला स्वर साठवून जरा वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र) वापरते आणि डिलेची वेळ पायाने वाजवता वाजवता बदलते. पेडलमध्ये साठलेला स्वर त्यामुळे क्षणभर वेगात किंवा संथ वाजतो, म्हणजेच चढतो किंवा उतरतो. तारेची मींड नव्हे, यंत्राची. ‘ॲमरिलिस’ (२०२२) ऐका. आधी सहा वादकांचा संच, पुढे त्यात मिव्होस हा चार तंतुवाद्यांचा संच येऊन मिळतो. त्या दाटीत ही घसरण गोड लागते.

प्रश्न : अविशाई कोहेन शोधला की कधी बास, कधी ट्रम्पेट. माणूस एकच आहे? (न्यू जर्सी)

दोघे आहेत, दोघेही इस्रायली. बासवाला हवा असेल तर ‘जेंटली डिस्टर्ब्ड’ (२००८), ट्रम्पेटवाला हवा असेल तर ‘इनटू द सायलेन्स’ (२०१६). बिल इव्हान्सही दोन : एक पियानोवादक, १९८० साली वारलेला, दुसरा सॅक्सोफोनवाला, माइल्सच्या ऐंशीच्या दशकातल्या संचातला. नावासोबत वाद्य आणि साल टाकून शोधा.