गाडी विकली, आरसीवर नाव मात्र कंपनीचेच

प्रश्न: पुण्यातील आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने आपली मोटार जानेवारी २०२४ मध्ये जुन्या गाड्यांच्या एका डीलरला विकली. पैसे कंपनीच्या खात्यात आले, ताबा पावती घेतली, फॉर्म २९ (विक्री आरटीओला कळवण्याचा) आणि ३० (नावबदलाचा) यांवर सह्या करून दिल्या. जून २०२५ मध्ये त्या गाडीने अपघात केला आणि आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस कंपनीला आली आहे. ताबा पावती दाखवून सुटका होईल का?

उत्तर: नाही. अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत नाव कोणाचे होते, यावर सगळे अवलंबून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, तोच मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने नोंदीतल्या मालकावरच भरपाईची जबाबदारी टाकली. ताबा पावती उपयोगी पडेल ती नंतर डीलरकडून रक्कम वसूल करताना. जखमी माणसापुढे ती चालणार नाही.

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर १४ दिवसांत आरटीओला कळवणे हे विकणाऱ्याचेच काम होते. कोऱ्या फॉर्मवर सही करून तो डीलरच्या हाती देणे म्हणजे कळवणे नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून तर अधिकृत डीलरकडे गाडी देताना फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) ऑनलाइन भरण्याची सोय आहे. तो भरला की गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. तुम्ही तो भरलेला दिसत नाही. डीलरकडे आरटीओचे अधिकारपत्र होते का, हेही विचारले नसावे. दीड वर्षात एकदा सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला असता, तरी नाव बदललेले नाही हे तेव्हाच कळले असते.

आता पहिले काम विम्याचे. अपघाताच्या तारखेला थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा) चालू असेल, तर भरपाईचा मोठा भार विमा कंपनीवर जाईल. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा असतो. म्हणजे गाडी जून २०२२ नंतर नवी घेतली असेल, तर तुम्ही विसरलात तरी विमा जिवंत असू शकतो. जुनी पॉलिसी शोधा. चालकाकडे परवाना नसेल, तर विमा कंपनी पैसे भरून तुमच्याकडून वसुली मागू शकते. ती मागणी कितपत टिकेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

न्यायाधिकरणात द्यायच्या लेखी म्हणण्यात (उत्तरात) डीलरला आणि अपघाताच्या वेळी गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला पक्षकार करण्याचा अर्ज जोडा. फॉर्म २९ आजच, विक्रीच्या खऱ्या तारखेसह, आरटीओत द्या. उशिराबद्दल दंड होईल, तो भरा. मागची तारीख टाकून कागद तयार करू नका, अख्खा बचाव कोसळेल. फॉर्म ३० वर घेणाऱ्याची सही लागते, म्हणून डीलरला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ दिल्याशिवाय नावबदल होणार नाही.

या सगळ्यावर सही कोणी करायची, याचा संचालक मंडळाचा ठराव आधी करा. फॉर्मवर आधी सही केलेला संचालक राजीनामा देऊन गेला असेल, तर नव्या सह्या घ्या, नाहीतर सही जुळत नाही म्हणून आरटीओतून कागद परत येतील. वकीलपत्रासोबतही तोच ठराव द्या, आणि न्यायाधिकरणाची पहिली तारीख चुकवू नका. एकतर्फी आदेश झाला, तर तो रद्द करून घेण्यातच महिने जातील.