पूर्वपेशी शेजारणीचं ऐकते

गेल्या काही महिन्यांतल्या तुमच्या पत्रांत एकच समजूत पुन्हा पुन्हा दिसते: बाळ पोटात असताना मेंदूच्या पेशी वाढवायच्या, आणि पुढे कमी पडल्याच तर बाहेरून घालायच्या. मेंदू असा घडत नाही. पूर्वपेशीचं, म्हणजे जिच्यातून मेंदूच्या पेशी बनतात त्या पेशीचं, पुढे काय व्हायचं, हे तिच्या आवरणावरचे रिसेप्टर, म्हणजे निरोप टिपणारी प्रथिनं, शेजारून कोणता निरोप घेतात यावर ठरतं. म्हणून या विषयाचे प्रश्न आज एकत्र घेते.

गर्भाच्या मेंदूतल्या सगळ्या पूर्वपेशींत जनुकं तीच असतात. मग एकीचा न्यूरॉन (चेतापेशी) होतो आणि शेजारची तशीच राहते, हे कसं? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

शेजारणीमुळे. पूर्वपेशीवर नॉच नावाचा रिसेप्टर असतो. (नॉच म्हणजे खाच. १९१०च्या दशकात जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत पंखाच्या कडेला खाच असलेल्या फळमाश्या सापडल्या, नाव तिथलं.) शेजारच्या पेशीवरचं डेल्टा हे प्रथिन नॉचला धरतं आणि ती पेशी त्याला अक्षरशः स्वतःकडे ओढते. ओढ बसली की नॉचवरची एरवी झाकलेली जागा उघडी पडते, विकरं तिथे कात्री चालवतात आणि आतला तुकडा सुटून थेट केंद्रकात जातो. तिथे तो हेस गटातली जनुकं चालू करतो, आणि ती न्यूरॉन घडवणाऱ्या जनुकांना दाबून धरतात. पेशी पूर्वपेशीच राहते. जिच्यावर डेल्टा जास्त, ती स्वतः न्यूरॉन होते आणि शेजारणींना थांबवून ठेवते. हे थांबणं फार मोलाचं आहे. उंदरांमध्ये नॉचचा निरोप तोडला तर पूर्वपेशी घाईनं न्यूरॉन होतात, साठा लवकर संपतो आणि नंतरच्या पेशी बनवायला कुणी उरत नाही. उंदराच्या पूर्वपेशींत हेस१चं प्रमाण दर दोन-तीन तासांनी वरखाली होतं. ते का, हे तुमच्या प्राध्यापकांकडून जरूर समजून घ्या.

गर्भसंस्काराचं संगीत आणि सोबत मिळणारी पावडर यांनी बाळाच्या मेंदूतल्या पेशी वाढतात का? (सांगली)

नाही. कॉर्टेक्समधले, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातले, बहुतेक न्यूरॉन सहाव्या महिन्याच्या सुमारास तयार झालेले असतात, आणि बाळाला ऐकू यायला लागतं तेही त्याच सुमारास. गाणी आवडीनं ऐका. पावडरीचा डबा मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय. एका केंद्रात त्याच्याच बोन मॅरोतून स्टेम सेल काढून पाठीतून सोडतात. त्या मेंदूत जाऊन नवे न्यूरॉन होतात म्हणे. पैसे जमवायचे म्हणून सध्या स्पीच थेरपी थांबवली आहे. करावं का? (वडील, नाशिक)

करू नका, आणि थेरपी उद्यापासून परत सुरू करा. कारण सविस्तर सांगते, कारण हाच प्रश्न घेऊन येणारे आईवडील मला सतत भेटतात.

बोन मॅरोतून काढलेल्या त्या पेशी हाड, कूर्चा, चरबी बनवणाऱ्या वंशाच्या. त्या मेंदूच्या पूर्वपेशी नव्हेत. बरं, खऱ्या पूर्वपेशी सोडल्या असं धरू, तरी त्यांना निरोप कोण देणार? गर्भाच्या मज्जानलिकेत, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीत, तळाकडून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन झिरपतं आणि पेशीवरचा पॅच्ड हा रिसेप्टर ते ओळखतो. तळाजवळ ते दाट, वर विरळ. कुठल्या पेशीला ते किती आणि किती वेळ मिळालं, त्यावरून स्नायू हलवणारे न्यूरॉन कुठे होणार आणि दुसऱ्या जातीचे कुठे, हे ठरतं. कॉर्टेक्समध्ये क्रमही ठरलेला: खोलवरचे थर आधी बनतात, मागून जन्मलेले न्यूरॉन त्यांना ओलांडून वरच्या थरात जाऊन बसतात. तुमच्या मुलाच्या मेंदूत हे सगळं कधीच उरकलं आहे. पाठीच्या पाण्यात सोडलेल्या पेशीला तिथे ना जागा सांगणारं कुणी, ना वेळ. शिवाय ऑटिझम म्हणजे न्यूरॉनचा कमी भरलेला हिशेब नव्हे, की भर घातली आणि भागलं.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त मंजूर चाचणीत वापरायचा, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. ऑटिझमसाठी तो वापरू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही २०२२ मध्ये सांगितलं. मग पावती कशाची फाडतात? एका आईनं अशाच एका केंद्राचं गुळगुळीत पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं होतं. शेवटच्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ होती: 'सोबत रोज स्पीच व ऑक्युपेशनल थेरपी आवश्यक'. मूल सुधारलं तर ते कशानं सुधारलं, हे त्या ओळीत लिहिलेलंच होतं. तुम्ही नेमकी तीच थेरपी बंद केली आहे. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना भेटा. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चौकशी करा. तिथे पैसे पडत नाहीत.

नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवलं तर पुढे मेंदूच्या आजारात उपयोगी पडेल का? (ठाणे)

त्यासाठी ठेवू नका. घरात थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांशी आधी बोला.

पहिल्या बाळाची मज्जानलिका उघडी राहिली होती. आता पुन्हा विचार करतोय. जाऊबाई म्हणतात, फॉलिकच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यापासून घे, आधी घेतल्या तर उष्णता होते. (सातारा)

ऐकू नका. ही नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तिसऱ्या महिन्यात गोळी म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. उंदरांमध्ये फोलेट (फॉलिक आम्ल याच गटातलं) पेशीच्या आत घेणारा रिसेप्टरच काढून टाकला तर नळी मिटत नाही, इतकं हे थेट आहे. आधी असं बाळ झालेल्या महिलांची मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली: रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्लानं धोका ७२ टक्क्यांनी घटला. इतर महिलांना ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. तुमची मात्रा त्याच्या दहापट लागते आणि गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून. ती दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पहिल्या वेळचे सगळे कागद घेऊन.

फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. परवा प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली. गोळी बंद करू का? (पुणे)

स्वतःहून बंद करू नका. मोठी फिट आली तर तुमच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतेल. पण पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबूही नका, कारण हे औषध मज्जानलिकेच्या दोषाचा धोका वाढवतं. आजच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा आणि शेवटच्या पाळीची तारीख सांगा.