दात येताना होमिओपॅथिक गोळ्या नकोच

अगं, बाळ रात्रभर किरकिरतं तेव्हा काहीतरी द्यावंसं वाटतंच, दोन्ही मुलींच्या वेळी मी त्यातून गेलेय. पण ‘साखरेच्या गोळ्याच तर आहेत, अपाय काय होणार?’ यावर विसंबू नकोस. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० आणि २०१६ मध्ये दात येण्यावरच्या होमिओपॅथिक गोळ्यांबद्दल इशारा दिला होता. २०१७ च्या तपासणीत काही गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अंश लेबलवर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. गोळीगणिक प्रमाण वेगळं! फायद्याचा पुरावा नाही आणि धोका तान्ह्याच्या माथी. माझ्या मते असं काही विकायलाच नको.

माझी धाकटी फ्रिजमध्ये गार केलेल्या ओल्या फडक्याची गाठ चावत बसायची. लाळेने झबलं चिंब व्हायचं, पण रडं थांबायचं. स्वच्छ बोटाने हिरडी हलके चोळ. बधिर करणारं जेल मात्र नको.

आणि ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर तो दातांवर ढकलू नकोस, डॉक्टरांना दाखव. गोळ्या आधीच दिल्या असशील आणि बाळ फार सुस्त वाटलं, श्वासाला त्रास झाला किंवा झटका आला, तर तडक दवाखाना गाठ. गोळ्यांची बाटली सोबत ने.