वाचकांचे प्रश्न : चेनसॉचे ट्यूनिंग आणि स्वस्तातला टॅकोमीटर

प्रश्न : माझ्याकडे 58 सीसीची चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत) आहे. सोबतच्या पुस्तिकेत स्लो (लिव्हर सोडल्यावरचा वेग) 3,000 आणि जास्तीत जास्त 11,000 आरपीएम (मिनिटाला फेरे) असे दिले आहे. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर (आरपीएम मोजणारा मीटर) ऑनलाइन मागवला. मिस्त्री म्हणतात, ट्यूनिंग कानानेच होते, आकडे बघून काय करणार? टॅकोमीटर लावून ट्यूनिंग कसे करायचे, ते क्रमाने सांगाल का?
– एक बागायतदार, संगमेश्वर

उत्तर : मिस्त्रींचे अर्धे बरोबर आहे. तयार कानाला मशीन पेट्रोल जास्त घेतेय की कमी, हे लगेच कळते. पण 11,000 आणि 12,500 यांतला फरक भल्याभल्यांच्या कानाला सांगता येत नाही, आणि पेट्रोल कमी पडून टू-स्ट्रोकचा पिस्टन धरतो (सिलिंडरमध्ये अडकतो) तो याच फरकात. आकडा एवढ्यासाठीच हवा. तो न ओलांडायची हद्द सांगतो. तिथपर्यंत मशीन पोचवलेच पाहिजे असे मात्र नाही.

आधी पूर्वतयारी. एअर फिल्टर धुऊन वाळवा, पेट्रोल ताजे भरा, चेनला धार लावून ताण नीट करा. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन चढवलेलीच हवी. चेनशिवाय फुल रेस केली तर आकडा खोटा येतो आणि इंजिनालाही धोका. टॅकोमीटरची वायर प्लगच्या जाड वायरवर तीन-चार वेढे घालून टेपने पक्की करा आणि कव्हरच्या फटीतून सायलेन्सरच्या उलट बाजूला बाहेर काढा. सायलेन्सरला टेकली तर मिनिटभरात वितळते. काही मीटरना दुसरी, अर्थची वायर असते. ती इंजिनाच्या उघड्या धातूला जोडा.

आता इंजिन गरम करा, नुसते चालू ठेवून नव्हे, तर तीन-चार मिनिटे प्रत्यक्ष लाकूड कापून. थंड इंजिनावर केलेले ट्यूनिंग गरम झाल्यावर बदलते.

कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) तीन स्क्रू असतात. एल स्लोचे पेट्रोल ठरवतो, एच फुल रेसचे, आणि तिसरा (कुठे एलए, कुठे टी) फक्त स्लोचा वेग. एल आणि एच घड्याळाच्या दिशेने फिरवले की पेट्रोल कमी होते, उलट फिरवले की वाढते. हात लावण्याआधी इंजिन बंद करून दोन्ही स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, किती आटे गेले ते लिहून ठेवा आणि परत तेवढेच बाहेर काढा. काही बिघडलेच, तर मागे यायला ही नोंद लागते. टेकल्यावर जोर लावू नका. सुईचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. काहीच ठाऊक नसेल तर दोन्ही एक-एक आटा बाहेर ठेवून सुरुवात करा.

पहिला नंबर एलचा. मशीन स्लोवर ठेवा आणि एल अगदी थोडा-थोडा फिरवत सर्वांत जास्त आरपीएम कुठे मिळतो ते बघा. तिथून पाव आटा बाहेर काढा. मग एलएने स्लो पुस्तिकेतल्या आकड्यावर, तुमच्या बाबतीत 3,000 वर, आणा. स्लोवर चेन फिरता कामा नये. 3,000 वरच फिरत असेल तर दोष क्लचच्या स्प्रिंगमध्ये शोधा, स्लो कमी करत बसू नका. लिव्हर झटकन दाबल्यावर इंजिन दबून मग उचलत असेल, तर एल थोडा आणखी उघडा.

मग एच. चेन ब्रेक सोडलेला असू द्या. ब्रेक लावून फुल रेस केली तर क्लच आणि ब्रेकचा पट्टा जळतो. मशीन जमिनीवर नीट दाबून धरा, चेन मोकळी ठेवा आणि फुल रेस तीन-चार सेकंदच द्या. स्वस्त मीटरचा आकडा थोडा मागून येतो, म्हणून दोन सेकंद स्थिर झाल्यावरच वाचा. लिव्हर सोडा, स्लोवर असतानाच एच घड्याळाच्या काट्याच्या एका तासाएवढा फिरवा (आकडा जास्त असेल तर बाहेर, कमी असेल तर आत), परत रेस करून बघा. 11,000 ची हद्द असेल तर 10,500 ते 10,700 वर थांबा. मशीन नवे असेल तर पहिल्या काही टाक्या 10,500 च्या खालीच चालवा.

शेवटी लाकडावर खात्री करा. मोकळ्या फुल रेसला आवाज किंचित भरडा, अडखळता येतो आणि बार लाकडात शिरताच स्वच्छ होतो, हे बरोबर ट्यूनिंग. लाकडातही भरडा राहिला तर पेट्रोल जास्त. मोकळ्या रेसलाच आवाज शिट्टीसारखा तीक्ष्ण असेल, तर मीटर काहीही दाखवो, एच उघडा. एच झाल्यावर स्लो थोडा हलतो, तेव्हा एलए परत एकदा बघा.

प्रश्न : मीटर स्लोवर 6,000 आणि फुल रेसला 22,000 दाखवतो. मीटर खराब आहे का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : बहुधा सेटिंग चुकले आहे. एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी पडते. मीटर ‘दोन फेऱ्यांना एक ठिणगी’ या फोर-स्ट्रोकच्या सेटिंगवर असेल तर आकडा दुप्पट येतो. ‘एका फेऱ्याला दोन’ असेल तर निम्मा. बटण दाबून एकाला एक करा. त्यानंतरही आकडा उड्या मारत असेल तर वेढे कमी करा, आणि वायरचे उरलेले टोक प्लगपासून लांब ठेवा.

पडताळणीचा फुकटचा मार्ग म्हणजे मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारे ॲप. हर्ट्झला 60 ने गुणले की आरपीएम मिळतो : 175 हर्ट्झ म्हणजे 10,500. मात्र ॲप कधी कधी दुप्पट वारंवारता पकडते, तेव्हा सर्वांत खालचा ठळक उंचवटा वाचा. आणि विकत घेतानाच मीटर किती आरपीएमपर्यंत दाखवतो ते बघा. इंजिन किती तास चालले ते मोजणाऱ्या काही मीटरची धाव 10,000 च्या आतच संपते.

प्रश्न : एच कितीही आत फिरवला तरी आकडा एकाच ठिकाणी अडतो आणि आवाज भरडाच राहतो. म्हणजे पेट्रोल अजून जास्त आहे का?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : नाही, आणि आणखी फिरवू नका. काही मशीनच्या कॉइलमध्येच (प्लगला ठिणगी देणाऱ्या भागात) वेगमर्यादा असते. ठरावीक आरपीएमला ती ठिणगी तोडते, आणि त्याचा आवाज पेट्रोल जास्त झाल्यासारखाच येतो. कानावर भरवसा ठेवणारे इथेच फसतात : भरडा आवाज ऐकून एच बंद करत जातात आणि पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने खरवडला जातो. आकडा मर्यादेवरून खाली उतरेपर्यंत एच उघडा आणि मर्यादेच्या साधारण 500 खाली ठेवा.

प्रश्न : महाबळेश्वरला ट्यून केलेले मशीन चिपळूणला आणून वापरले तर चालेल का? शिवाय आता पंपावर इथेनॉलवाले पेट्रोल येते.
– एक कंत्राटदार, सातारा

उत्तर : परत ट्यून केल्याशिवाय वापरू नका. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 12 टक्के विरळ, म्हणून तिथे एच थोडा आत घ्यावा लागतो. तेच सेटिंग खाली दाट हवेत पेट्रोल कमी पाडते. उलट दिशेने नेले तर मशीन फक्त मंद होईल, धूर जास्त येईल.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच सेटिंगवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल कमी पडल्यासारखे वागते. एच किंचित उघडून आकडा पुन्हा जागेवर आणा. टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोकचे तेल) त्याच्या डब्यावर आणि पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच घाला : 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 ला 1 म्हणजे 40 मिली. प्रमाण बदलले की ट्यूनिंगही परत तपासा. मिसळलेले पेट्रोल महिनाभर ठेवू नका, इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

प्रश्न : स्लो कधी 2,800, कधी 4,000. लिव्हर सोडल्यावर वेग सावकाश उतरतो. कुठला स्क्रू फिरवू?
– एक वाचक, वाई

उत्तर : कुठलाच नाही. इंजिन कुठून तरी जादा हवा ओढते आहे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधला रबरी नळ चिरला आहे का बघा, मग कार्ब्युरेटरचे बोल्ट, मग क्रँकची सील. स्लोवर चालू असताना मशीन एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर कलते करा. आकडा मोठा हलला तर सीलचा संशय बळावतो. ही गळती एच उघडून झाकता येते, पण ती वाढत जाते आणि एक दिवस मशीन बसते.

दहा-पंधरा मिनिटे नीट चालून मग आरपीएम पडत असेल, तर टाकीचे झाकण थोडे सैल करून बघा. लगेच सुधारले तर टाकीचा हवा घेणारा व्हॉल्व्ह तुंबला आहे. मुळातच वर चढत नसेल, तर टाकीतला पेट्रोल फिल्टर आणि सायलेन्सरच्या तोंडाची काजळीने भरलेली जाळी साफ करा.