नाशिकमधील एखाद्या सेवाभावी क्लबचे सदस्य व्हावे का? साप्ताहिक बैठकांतून खरोखर काही समाजकार्य होते का?

तुम्ही लिहिले आहे की बदलीमुळे तुम्ही नाशिकला आलात, अंबडच्या कारखान्यातील एका वरिष्ठांनी त्यांच्या क्लबात येण्याचा आग्रह धरला आहे, आणि दर आठवड्याची संध्याकाळ व वर्षाची वर्गणी देऊन त्यातून समाजाचे काही काम होते की नुसत्या जेवणावळी होतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी अशाच एका क्लबचा बऱ्याच वर्षांपासून सदस्य आहे आणि मध्यंतरी सचिवही होतो. क्लबचे नाव लिहीत नाही. पुढचा मजकूर वाचून ओळखणारे ओळखतीलच.

जेवणावळी होतात. साडेसातची वेळ कळवलेली असते आणि आठला घंटा वाजते. राष्ट्रगीत होते, त्या आठवड्यातील वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस होतात, सचिव सूचना वाचतो, आणि मग वक्ता उभा राहतो. द्राक्ष निर्यातीतील औषध-अवशेषांच्या तपासणीवर एका बागाईतदाराने केलेले भाषण मला आजही आठवते. त्याच्या पुढच्याच आठवड्यात म्युच्युअल फंड विकणाऱ्या गृहस्थांनी पाऊण तास खाल्ला. नंतर आभारप्रदर्शन आणि जेवण. या सगळ्यात मागच्या वर्षी केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही घोषित कार्यक्रमपत्रिकेत नसतो, आणि माझे सारे भांडण तेवढ्याच एका गोष्टीवर आहे.

आमच्या क्लबाने पेठ तालुक्यातील एका पाड्यावर पाण्याची योजना केली होती. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण डोंगर उताराचे, खाली काळा पाषाण, त्यामुळे पाणी मुरत नाही. दमणगंगा, नार, पार या नद्यांतून ते गुजरातकडे निघून जाते आणि होळीनंतर त्याच गावांतील बायका झऱ्यावर रात्रीच नंबर लावतात. म्हणून ओढ्याकाठच्या विहिरीत सौरपंप, वर चढावर काळी प्लॅस्टिकची टाकी आणि पाड्यात नळ, अशी ती रचना होती. उद्घाटनाला आम्ही दोन बस भरून गेलो. फीत कापली, नळाला पाणी आले, मुलांनी ओंजळी भरल्या, आणि टाकीच्या चौथऱ्यावर क्लबाची संगमरवरी पाटी बसली, जिच्यावर त्या वर्षीच्या अध्यक्षांचे नाव प्रायोजकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होते.

पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या शाळेतील गुरुजींचा मला फोन आला. विहिरीतील पाणी पंपाच्या खाली गेले होते, पंप कोरडाच चालत राहिला होता आणि मोटारीचे वाइंडिंग जळले होते. मी जाऊन पाहिले, तेव्हा पाटी स्वच्छ होती आणि नळाच्या तोटीत कोळ्याने जाळे केले होते. ग्रामपंचायत म्हणत होती की योजना क्लबाची आहे. क्लबाच्या फायलीत हस्तांतराचे पत्र होते, त्यावर सरपंचांची सही होती, म्हणून क्लबाच्या लेखी ती ग्रामपंचायतीची होती.

तोवर अध्यक्ष बदलले होते, कारण या संस्थांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते, आणि नव्या अध्यक्षाला आपल्या वर्षाचे नवे प्रकल्प हवे असतात. मी बैठकीत विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, ते मागच्या वर्षीचे काम. हस्तांतर झालेले आहे. आजचे वक्ते खोळंबले आहेत." वक्ते गुडघेदुखीवर बोलणार होते. सभागृहात कोणीही काही बोलले नाही. मात्र जेवणाच्या रांगेत, हातात ताट घेऊन, सातपूरला मोटारी रिवाइंड करणारे आमचे एक सदस्य माझ्याजवळ आले आणि त्यांनी मोटार किती अश्वशक्तीची आहे एवढेच विचारले. त्यांनी स्वतःच्या टेम्पोतून मोटार आणली, बांधून दिली, पाणी संपले की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून ड्राय रन संरक्षण बसवले आणि पाड्यातील एका तरुणाला पॅनेल कसे पुसायचे व स्टार्टर कसा तपासायचा ते शिकवले. ही व्यवस्था मूळ अंदाजपत्रकात असायला हवी होती आणि तिचा खर्च उद्घाटनाच्या बसभाड्याहूनही कमी होता.

नंतर त्याच अध्यक्षांनी साप्ताहिक बैठका कमी कराव्यात असा ठराव आणला. त्यांनी दाखला दिला रोटरीचा: १९०५ साली शिकागोत सुरू झालेल्या त्या संस्थेत आठवड्याला भेटण्याची जुनी परंपरा होती, आणि २०१६ साली तिनेही महिन्यातून किमान दोन बैठका पुरेत अशी सवलत दिली. कामांचा आढावा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. मी विरोध केला आणि अजूनही करतो. गटावर "पंप बंद आहे" असे लिहिले की खाली जोडलेले हात आणि अंगठे येतात. सभागृहात तोच विषय निघाला की कोणाला तरी मान वर करून उत्तर द्यावे लागते, आणि अध्यक्षाने नाही दिले तर ताट घेतलेला कोणी तरी देतो. त्यांचा दुसरा मुद्दा असा की जुनी रडगाणी ऐकून नवे सदस्य कंटाळतात. आमच्याकडे सोडून गेलेल्या सदस्यांपैकी मी ज्यांना विचारले, त्यांनी कंटाळ्याचे कारण भाषणे सांगितले, पंप नव्हे.

पाठपुरावा म्हणजे काय हे या संस्थांना माहीत नाही, असेही नाही. रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्धचा कार्यक्रम हाती घेतला. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह तिचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. तेच घर, तेच मूल, पुन्हा पुन्हा डोस, असे सरकारी यंत्रणेसोबत वर्षानुवर्षे केल्यामुळे ते झाले. याउलट रामकुंडावर एका रविवारी सकाळी हातमोजे घालून केलेली गोदावरीची स्वच्छता सोमवारी शिल्लक राहत नाही, कारण नाल्यांतून सांडपाणी येतच असते. रक्तदानाचेही तसेच आहे. १५ ऑगस्टला शिबिरांची गर्दी होते, पण साठवलेले रक्त साधारण ३५ दिवस टिकते आणि प्लेटलेट्स ५ दिवस. तुटवडा पडतो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा महाविद्यालये सुट्टीवर असतात आणि क्लबातील मंडळी महाबळेश्वरला. मेमध्ये शिबिर घेणारा क्लब दिसला तर डोळे मिटून सदस्य व्हा.

तेव्हा तुमच्यापुरते सांगायचे तर, वरिष्ठांना सांगून पाहुणा म्हणून दोन-तीन बैठकांना जा आणि सचिवांकडे तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्रकल्पाची आजची स्थिती विचारा. ते फोटोंचा अल्बम काढू लागले तर जेवून घ्या आणि घरी या. ते कोणाला तरी फोन लावू लागले तर अर्ज भरा. वर्गणीचा आकडा क्लबागणिक बदलतो, त्यात आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा वाटा असतो, आणि जेवणाचे पैसे निराळे की त्यातच, हे आधी विचारून घ्या. पदग्रहण समारंभासाठी वेगळी वर्गणी मागितली जाते, ती बहुतेक जण आधी सांगत नाहीत. पाळीची नोकरी असेल तर दर आठवड्याला जमणार नाही, हे मोकळेपणाने सांगावे.

एक मात्र नमूद करायला हवे. ज्या अध्यक्षांवर मी एवढे लिहिले, त्यांनीच स्वतःच्या वर्षात मोतीबिंदूच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तपासणीसाठी पुन्हा रुग्णालयात नेण्या-आणण्याची गाडी स्वखर्चाने सुरू केली आणि ती आजही चालू आहे. मग पाड्यावरच्या पंपाला तोच न्याय का लावला नाही, हे मी त्यांना दोनदा बैठकीत विचारले आहे. तिसऱ्यांदा विचारायला मी येत्या आठवड्यात उभा राहणार आहे, कारण रिवाइंडिंगच्या बिलाला "मागील वर्षाचा खर्च" म्हणून त्यांनी अजून मंजुरी दिलेली नाही आणि सातपूरच्या त्या सद्गृहस्थांनी पैसे मागितलेलेही नाहीत.