नववीतल्या मुलीला परदेशी विद्यापीठाच्या उन्हाळी कार्यक्रमाला पाठवावं का?

तुमची मुलगी दादरला स्टेट बोर्डाच्या शाळेत नववीत आहे, विज्ञान की डिझाइन हे तिचं ठरत नाही, आणि अमेरिकेतल्या दोन आठवड्यांच्या कार्यक्रमाचे एजंट साडेपाच लाख सांगतोय. माझं स्पष्ट मत: यंदा हे पैसे भरू नका.

पहिली अडचण तारखांची. तिकडचे बहुतेक कार्यक्रम जूनअखेरीपासून जुलैपर्यंत चालतात आणि आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. दहावीचे पहिले आठवडे बुडतील. दुसरी अडचण वयाची. येल विद्यापीठाच्या यंग ग्लोबल स्कॉलर्स या उन्हाळी कार्यक्रमासाठी वयाची १६ वर्षं पूर्ण लागतात. एमआयटीत होणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट (नाव संस्थेचं वाटलं तरी हा उन्हाळी कार्यक्रमच) शिकवण्याचे, राहण्याजेवणाचे पैसे घेत नाही, पण ती अकरावीतल्या मुलांसाठी आहे आणि निवड फार कडक असते. नववीतल्या मुलीला लगेच जागा देणारा कार्यक्रम निवड कशाच्या आधारावर करतो, हे आधी विचारा. गुणपत्रक आणि पैसे एवढंच मागत असतील, तर पुढे प्रवेशाच्या वेळी त्या प्रमाणपत्राला फारसं वजन नसतं.

एजंटाकडून कार्यक्रमाच्या संकेतस्थळाचा पत्ता लेखी घ्या. तो डॉट ईडीयूवर (ब्रिटनमध्ये डॉट एसी डॉट यूकेवर) नसेल, तर बहुधा एखाद्या खासगी कंपनीने सुट्टीत रिकामं असलेलं आवार भाड्याने घेतलेलं असतं. नाव विद्यापीठाचं, शिकवणारे भलतेच. मग विचारा: एका गटात मुलं किती, शिकवणार कोण, दिवसातले किती तास मुलं स्वतः काम करतात, आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का. विमानभाडं, विमा, व्हिसाची फी बहुतेक वेळा त्या आकड्यात धरलेली नसते.

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण माझ्या मते घाई करण्यासारखं तिथे काहीच नाही. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी करणाऱ्यांना देता येते. आर्किटेक्चरला मात्र गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. म्हणजे अकरावीला गणितासह विज्ञान घेतलं तर दोन्ही दारं उघडी राहतात. अभ्यास जड होईल हे खरं, त्यामुळे गणित तिला मनापासून आवडतं का, हे आधी पाहा.

फुकटात किंवा थोड्या खर्चात पारखून बघण्याच्या जागा आहेत. इस्रोचा युविका हा नववीच्याच मुलांसाठी असलेला साधारण दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम आहे. तो मे महिन्यात होतो, प्रवास आणि राहण्याजेवणाचा खर्च इस्रो करते. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, आणि तेव्हा मुलं वार्षिक परीक्षेच्या तयारीत असल्याने बऱ्याच घरांतून तारीख निसटते. आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट-गाइड यांना गुण असतात. ग्रामीण शाळांना वेगळे गुण आहेत, ते मुंबईच्या मुलीला मिळणार नाहीत. म्हणून बाकीची प्रमाणपत्रं आत्तापासूनच एका फाइलमध्ये लावा. शिवाय वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद यांच्या सुट्टीतल्या शिबिरांची चौकशी एप्रिल लागण्याआधीच करा. पक्षी, कीटक, झाडं यांची ओढ असेल तर फोर्टमधल्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासक्रम बघा. डिझाइनसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची तयारी ही चांगली चाचणी आहे, मात्र त्यातून हात कळतो, डिझाइनची डोकेबाजी कळत नाही.

ती कळायला घरीच एक आठवडा द्या. स्टेशनवरच्या तिकीट खिडकीसमोर किंवा शाळेच्या कँटीनमध्ये लोक कुठे अडतात, ते तिने तीन दिवस पाहून टिपून ठेवावं. मग पुठ्ठ्याचे चार-पाच नमुने करावेत, अनोळखी माणसांना वापरायला द्यावेत आणि त्यांचं ऐकून पुन्हा बदलावेत. दुसऱ्या आठवड्यात गच्चीतल्या कुंड्यांमध्ये एकच गोष्ट, समजा पाण्याचं प्रमाण, बदलत रोज ठरलेल्या वेळी मोजमाप करून तक्ता भरावा. पहिल्या दोन दिवसांच्या उत्साहाला फार महत्त्व देऊ नका. पाचव्या दिवशी, काम कंटाळवाणं झाल्यावर, ती कोणत्या वहीकडे कोणी न सांगता वळते, ते बघा.